सगळी तयारी झाली, मग मन का तयार होत नाही?

परदेशी जायचं पक्कं झालेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा प्रश्न बहुतेकदा एकच असतो. नोकरी मिळाली, व्हिसाचं काम मार्गी लागलं, घरचे आनंदात आहेत. तरी रात्री झोप लागत नाही, क्षुल्लक कारणावरून डोळ्यांत पाणी येतं. याचा अर्थ आपण जाऊच नये असा घ्यायचा का? की निघताना सगळ्यांनाच असं होतं म्हणून सोडून द्यायचं?

मला ही दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. का वाटतात, ते एका जोडप्याच्या गोष्टीतून सांगते. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत आणि लिहायला दोघांची परवानगी आहे. आपण त्यांना मानसी आणि निखिल म्हणू.

निखिल चाकणला वाहन उद्योगात डिझाइन इंजिनिअर. त्याला स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची ऑफर आली होती. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं आहेत, आणि स्टुटगार्ट ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आहे, त्या राज्याशी महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून जर्मनीला निघालेली कुटुंबं माझ्याकडे जास्त येऊ लागली आहेत. मानसी फिजिओथेरपिस्ट. कोथरूडला तिचं स्वतःचं क्लिनिक, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर येणारे पेशंट जास्त. मुलगी ओवी आठ वर्षांची. घरात निखिलची आई.

पहिल्या भेटीत निखिल म्हणाला, "मॅडम, आमचं सगळं ठरलंय. फक्त हिला जरा मोटिव्हेट करा. जर्मनीचा विषय निघाला की ही गप्प होते."

मानसी तेव्हाही गप्पच होती.

निखिलनं लॅपटॉपवर एक एक्सेल शीट दाखवली आणि मला तिचं मनापासून कौतुक वाटलं. भाड्याच्या घरासाठी तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट लागू शकतं, हे त्यात होतं. तिथे रिकाम्या घराला पुष्कळदा स्वयंपाकघराचा ओटा आणि कपाटंसुद्धा नसतात, तीही आपणच बसवायची, म्हणून त्याचे पैसे वेगळे धरले होते. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, आपला वाहन परवाना तिथे सहा महिनेच चालतो, शाळेत प्रवेश घेताना मुलाला गोवराची लस दिल्याचा पुरावा २०२० पासून सक्तीचा आहे, हे सगळं त्यानं शोधून काढलं होतं. ओवीच्या लसीकरणाचं कार्ड स्कॅन करून जोडलेलं. आईच्या औषधांची यादी होती, त्यांचा मेडिक्लेम होता. त्यांना नाशिकला बहिणीकडे कधी सोडायचं, ती तारीखही होती.

मी त्याला विचारलं, "यात मानसीचं काय काय आहे?"

त्यानं शोधलं. क्लिनिकच्या जागेची नोटीस. जर्मन भाषेचा क्लास. आणि एका ओळीत 'मानसी – नोकरी', त्याच्यासमोर 'तिकडे गेल्यावर बघू'.

तो म्हणाला, "ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला कामाची पूर्ण मुभा असते." ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास-परवाना, आणि त्याचं म्हणणं खरं आहे. जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षासुद्धा आधी द्यावी लागत नाही. पण फिजिओथेरपी हा तिथे परवान्याचा व्यवसाय आहे. भारतातली पदवी त्या राज्याच्या अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावी लागते. अभ्यासक्रमात कुठल्या विषयाचे किती तास झाले, इथपर्यंत ते पाहतात. जर्मन बी-टू पातळीपर्यंत, म्हणजे भाषेच्या सहा पातळ्यांपैकी चौथीपर्यंत, यावं लागतं. तफावत निघाली तर पूरक प्रशिक्षण तरी घ्यायचं किंवा परीक्षा तरी द्यायची. 'गेल्यावर बघू' म्हणून हे होत नाही. पण अर्ज भारतातून करता येतो, तयारी इथूनच सुरू करता येते. मानसीला यातलं बरंचसं ठाऊक होतं. घरात ती बोलली नव्हती, कारण मागे एकदा बोलली तेव्हा एक नातेवाईक म्हणाले होते, "अगं, नवऱ्याचा पगार एवढा आहे, तुला काय गरज?"

मला त्या वेळी वाटलं की गाठ इथेच आहे. ती गाठ होतीच, पण त्याखाली आणखी एक होती.

पुढच्या वेळी मी मानसीला एकटीला भेटले. आधी नेहमीप्रमाणे झोप, भूक, रोजच्या कामातला रस यांची चौकशी केली. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत खिन्न असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर तो वेगळा विषय असतो आणि तिथे मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. मानसी क्लिनिकमध्ये उत्साहानं काम करत होती, ओवीबरोबर हसत होती. त्रास व्हायचा तो संध्याकाळी, घरी जर्मनीचं बोलणं सुरू झालं की.

मी म्हणाले, "समजा उद्या निखिल म्हणाला, जाणं रद्द. तुझ्या मनात पहिलं काय येईल?"

ती लगेच म्हणाली, "कराड."

कराडला तिचे आई-वडील. वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक, चार वर्षांपासून पार्किन्सन्स. एका शनिवाराआड ती पहाटेच्या गाडीनं जायची आणि रविवारी रात्री परत यायची. या आजारात चालता चालता पाय जमिनीला खिळल्यासारखा होतो, पुढे उचलतच नाही. मानसीनं घरभर जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. नाहीच उचलला तर मोठ्यानं ताल मोजायचा. औषधाची वेळ अर्ध्या तासानं चुकली तरी चालण्यात फरक पडतो, हे तिनं आईला समजावून घड्याळात गजर लावून दिले होते. बाबांच्या बाबतीत ती मुलगी होती आणि त्यांची फिजिओही होती.

मी विचारलं, "हे निखिलच्या शीटमध्ये का नाही?"

"सासूबाईंचं सगळं ठरलंय. त्यात मी माझ्या बाबांचं काढलं तर सगळ्यांना वाटेल, मी खोडा घालतेय. आणि आईला विचारलं तर ती म्हणते, आम्हाला आनंदच आहे, आमची काळजी करू नकोस."

इथे मला थांबून एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे, कारण ती मी अनेक घरांत पाहते. परदेशाची तयारी करताना आपल्याकडे मुलाचे आई-वडील ही जबाबदारी धरली जाते. त्यांची सोय, त्यांचा विमा, त्यांच्या येण्या-जाण्याचं वेळापत्रक कागदावर येतं. मुलीचे आई-वडील मात्र तिची भावना ठरतात, 'साहजिक आहे, तिला आठवण येणारच' अशी. सून महिन्यातले दोन शनिवार प्रत्यक्ष कष्टाचं काम करत असली, तरी ते काम कुणाच्या यादीत येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. ज्या कामाची नोंद नाही, ते सोडताना होणाऱ्या त्रासालाही मग नाव राहत नाही. बाईच कमकुवत ठरते.

अमेरिकेतल्या कुटुंब समुपदेशक पॉलिन बॉस यांनी अशा दुःखावर आयुष्यभर काम केलं आहे. माणूस आहे, पण हाताशी नाही, त्यामुळे शोकाला सुरुवातही नसते आणि शेवटही. त्यांनी ही मांडणी केली ती युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांवरून आणि पुढे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरांवरून. स्थलांतर करणाऱ्यांनाही ती पुष्कळ लागू पडते. कुणी गेलेलं नसतं, म्हणून कुणी समाचाराला येत नाही. उलट पेढे वाटले जातात. मानसीला हे सांगितल्यावर ती बराच वेळ रडली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी नाटकं करत नाहीये."

तिसऱ्या भेटीत दोघं एकत्र आले. मानसीनं कराडचं सांगितलं. निखिल ऐकून घेत होता. मग दुखावल्या आवाजात म्हणाला, "तू बोलली का नाहीस कधी?" हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्या क्षणी तो उलटतपासणीसारखा होतो, म्हणून मी मध्ये पडले. त्याऐवजी त्यानं दुसरं काही विचारावं असं सुचवलं: बाबांना आठवड्यात नेमकं काय काय लागतं? निखिल कामाचा माणूस आहे. त्यानं लगेच कागद ओढला. पुढचा अर्धा तास तो विचारत होता आणि मानसी सांगत होती. औषधं किती वाजता, आंघोळ कोण घालतं, पडले तर उचलायला कोण येतं, कराडात न्यूरोलॉजिस्ट कोण. चार वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा ऐकलं.

त्याच भेटीत मी त्यांना एक छोटं काम दिलं. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी मोठे प्रकल्प हाती घेणाऱ्यांसाठी सुचवलेली ही पद्धत आहे. योजना फसली असं आधीच धरून चालायचं आणि ती का फसली हे लिहायचं. मी म्हणाले, दोन वर्षांनी तुम्ही पुण्याला परत आला आहात, मन कडू झालेलं आहे. काय झालं असेल? वेगवेगळ्या कागदांवर लिहा.

मानसीनं लिहिलं, 'बाबा पडले, मी पोचले नाही. नंतर मी निखिलला कधीच माफ केलं नाही.'

निखिलनं लिहिलं, 'प्रोबेशनमध्ये नोकरी गेली.' जर्मनीत साधारणपणे पहिले सहा महिने प्रोबेशनचे असतात आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी संपू शकते. त्याला हे ऑफर आली त्या दिवसापासून ठाऊक होतं. क्लिनिक बंद, घर भाड्यानं दिलेलं, ओवीची शाळा सुटलेली आणि आपण तिथे बेकार, हे चित्र त्याला रात्री दिसत होतं. तोही झोपत नव्हता. घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण 'मी घाबरलो तर ही आणखी घाबरेल.'

दोघांनी कागद अदलाबदल केले. ज्याला 'मोटिव्हेशन' लागत होतं असं ठरलं होतं, तो माणूस एकटी मानसी नव्हती, हे त्या खोलीत तिघांनाही कळलं.

इथून योजना खरोखर बदलली. निखिलनं जुलैमध्ये एकट्यानं जायचं, प्रोबेशन संपत येईल तेव्हा जानेवारीत मानसी आणि ओवीनं. मधल्या काळात मानसीनं जर्मन बी-वनपर्यंत न्यायचं आणि पदवीच्या मान्यतेचा अर्ज इथूनच करायचा. क्लिनिक विकायचं नाही, तिच्याकडे काम करणाऱ्या मुलीला वर्षभर चालवायला द्यायचं. नातेवाइकांनी नाक मुरडलं. नवरा-बायको सहा महिने लांब राहणार, हे कसलं नियोजन? पण दोघांच्या भीतीवर हा एकच उपाय लागू पडत होता, आणि ठरवलेला विरह अचानक कोसळणाऱ्या संकटापेक्षा खूप सोसवतो.

ओवीच्या शाळेचा विचार मात्र घाईनंच करावा लागला. त्या राज्यात चौथीनंतर मुलांची विभागणी होते; कुणी विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममध्ये जातं, कुणी इतर शाळांत. पुढे शाळा बदलता येते, पण ते सोपं नसतं. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी तयारीचे वर्ग असतात. जानेवारीत गेली तर ओवीला त्या टप्प्याआधी दीड वर्ष मिळतं, त्याहून उशीर नको, असं ठरलं.

ओवीला तोवर कुणी काही सांगितलेलं नव्हतं. 'व्हिसा आला की सांगू.' तिला शाळेत जायच्या वेळी पोटात दुखायला लागलं होतं आणि डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. तिनं मला दोन मिनिटांत सांगितलं, "बाबा फोनवर म्हणाला आम्ही जुलैत जातोय. मला नेणारेत का ते नाही म्हणाला." मोठ्यांना वाटतं आपण मुलाला काळजीपासून वाचवतोय. मूल अर्धवट ऐकतं आणि उरलेलं स्वतः भरतं, आणि ते नेहमी वाईटच भरतं. त्याच संध्याकाळी आई-बाबांनी तिला नकाशा काढून सगळं सांगितलं. पोटदुखी काही दिवसांत थांबली.

निखिलच्या आईंनाही मी भेटले. त्या स्वतःच म्हणाल्या होत्या, मलाही तुमच्याशी बोलायला यायचंय. "नाशिकला लेकीकडे पाठवायचं यांनी परस्पर ठरवलं. मी काय कुंडी आहे का, या गॅलरीतून उचलून त्या गॅलरीत ठेवायला? माझं भजनी मंडळ इथे, डॉक्टर इथे, शेजारी इथे." त्यांना हवं होतं ते फार थोडं: रात्री झोपायला एक बाई, आणि मुलानं ठरलेल्या वेळी फोन करावा, अधूनमधून दहादा नको. नाशिकची ओळ शीटमधून निघाली.

कागदांचं एक सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या बायकांना इथे हमखास अडतं. मानसीची पदवी आणि फिजिओथेरपीच्या राज्य कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावानं, पासपोर्ट लग्नानंतरच्या नावानं, आणि ओवीच्या जन्मदाखल्यात आईच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. तिकडच्या अधिकाऱ्याला ही तीन माणसं वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला, गरज असेल तर शासन राजपत्रातली नावबदलाची नोंद, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, कौन्सिलकडून नोंदणी चालू असल्याचं पत्र, या सगळ्याला महिने जातात. हे काम पहिल्या दिवशी सुरू करा.

राहिलं कराड. मानसीनं जाऊन बाबांना सांगितलं. काय बोलायचं याची तिनं माझ्याबरोबर तयारी केली होती, ती तिला लागलीच नाही. बाबा म्हणाले, "या पट्ट्या निघतात गं. कुणाला तरी शिकवून जा."

कराडमधला एक तरुण फिजिओ आठवड्यातून दोनदा यायला तयार झाला. मानसीनं सहा महिने त्याला प्रत्येक फेरीत बरोबर घेतलं. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेचार तासांचं अंतर असतं, उन्हाळ्यात साडेतीन. म्हणजे कराडला संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तिकडे दुपार असते. तो आला की व्हिडिओ कॉल लावायचा, असं ठरलं. एक लाख रुपये आईच्या खात्यात वेगळे ठेवले. दवाखान्याचा निर्णय मानसीच्या चुलत भावानं घ्यायचा, हे त्याला विचारून, लिहून. आणि सर्वांत अवघड यादी डॉक्टरांसमोर बसून केली: मानसीनं लगेच निघायचं ते केव्हा, आणि फोनवर थांबायचं ते केव्हा. हाड मोडलं, शस्त्रक्रिया, आयसीयू – निघायचं. ताप, पडणं पण इजा नाही, औषध बदललं – थांबायचं. ती निघाली तर निखिलनं ओवीसाठी रजा घ्यायची, त्यावर चर्चा नाही. अशा याद्या करणं काहींना अशुभ वाटतं. मी तरी प्रत्येकाला करायला लावते, कारण रात्री दोन वाजता फोन आल्यावर कुणाचंच डोकं चालत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. मन तयार होत नसेल तर स्वतःला विचारा, काय बदललं तर मला आज शांत झोप लागेल? उत्तर नेमकं आलं, म्हणजे 'बाबांचं ठरलं तर', 'माझ्या कामाचा अर्ज गेला तर', तर योजनेत भोक आहे आणि ते बुजवता येतं. काही ठरवून झोप येणार नाही, पण जायचं तर आहे, असं असेल तर ते दुःख आहे. ते घालवायची गरज नाही, त्याला घरात बोलायला जागा द्या. आणि काहीही बदललं तरी जायचंच नाही, असं उत्तर आलं तर तेही प्रामाणिकपणे ऐका. माझ्याकडे आलेल्या काही जोडप्यांनी ऑफर नाकारली आणि त्यांनी योग्य केलं असं मला वाटतं. मात्र जोडीदाराच्या वतीनं हा प्रश्न सोडवू नका. निखिल म्हणायचा, "तीन महिन्यांत सगळे रुळतात, असा आलेखच आहे." एक आलेख आहे खरा: सुरुवातीला उत्साह, मग घसरण, मग हळूहळू रुळणं; तीन महिन्यांचं वचन मात्र त्यात नाही. नॉर्वेच्या लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या शिष्यवृत्तीधारकांवरून तो मांडला. पण पुढच्या अभ्यासांत तो सगळ्यांना लागू पडला नाही. पुष्कळांना पहिले आठवडेच सर्वांत जड जातात. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद असतात, आणि दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला ते कामावर जाणाऱ्यापेक्षा जास्त जाणवतं.

मानसी आणि ओवी ठरल्याप्रमाणे जानेवारीत गेल्या. निखिलचं प्रोबेशन त्याच महिन्यात संपलं. मार्चमध्ये बाबा न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. चुलत भावानं दवाखाना गाठला. यादीत होतं म्हणून मानसीला विचार करावा लागला नाही, ती तिसऱ्या दिवशी कराडला होती. तीन आठवडे राहिली, शस्त्रक्रियेनंतर बाबांना वॉकरवर उभं केलं आणि परतली. निखिलनं ओवीला सांभाळलं. पदवीच्या मान्यतेचं पत्र त्यानंतर आलं, तफावत निघाली आहे, ती पूरक प्रशिक्षण घेणार आहे. त्याआधी बी-टूची परीक्षा.

मागच्या आठवड्यात तिचा मेल आला. बाबांबद्दल दोन ओळी, आणि बाकी सगळं ओवीबद्दल. ओवी आता मराठीत विचारलेल्या प्रश्नांना जर्मनमधून उत्तर देते, आजीशी बोलायला कंटाळते, काय करावं? शनिवारी आम्ही तिघं त्यावर बोलणार आहोत, आणि या वेळी ओवीलाही बोलावलं आहे.